तीन माणसं, तीन मतं, एक तक्रार

मंगळवारी दुपारी तीन वाजता तात्पुरत्यांच्या लक्षात आलं, की उद्याच्या पुरवणीसाठी त्यांना तीन माणसं हवी आहेत आणि हाताशी एकही नाही.

त्यात नवीन काही नव्हतं. 'वापरून पाहिलं' हा त्यांचा स्तंभ दर बुधवारी यायचा आणि त्याचा साचा दैनिकात पक्का ठरलेला होता: एक वस्तू, तीन माणसं, तीन मतं, त्यांतली एक तक्रार. तक्रार नसली तर वाचकांना जाहिरात वाटते, दोन असल्या तर जाहिरात विभागाचा पारा चढतो. आधीचे स्तंभलेखक एका सकाळी उठून नोकरी सोडून गेले, तेव्हा हे काम तात्पुरतं म्हणून यांच्या गळ्यात पडलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. ऑफिसात सगळे त्यांना 'तात्पुरते' म्हणत, आणि नव्याने आलेल्यांना ते त्यांचं आडनावच वाटे.

या आठवड्याची वस्तू म्हणजे 'खुंटी' नावाचं सॉफ्टवेअर. संगणकाच्या पडद्यावर डावीकडे ठिकठिकाणच्या बातम्यांचा सरकता रकाना, उजवीकडे आपल्या दिवसभराच्या कामांची यादी. काम झालं की खूण करायची, म्हणजे ते पुसट होतं. 'बातम्या आणि कामं, एकाच खुंटीला' असं कंपनीच्या पत्रकात म्हटलं होतं. पत्रक तात्पुरत्यांनी दोनदा वाचलं होतं. सॉफ्टवेअर मात्र पाहिलं नव्हतं. ऑफिसच्या संगणकावर काही नवीन टाकायचं तर संगणक विभागाकडे अर्ज द्यावा लागे, आणि तात्पुरत्यांचा गेल्या वर्षीचा अर्ज अजून विचाराधीन होता.

तेव्हा त्यांनी नेहमीचा मार्ग धरला. खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि माणसं बनवायला घेतली.

या कामात त्यांचा हात बसला होता. माणूस बनवायचा तर वय कधी गोल धरायचं नाही. पन्नास वर्षांच्या माणसावर वाचक विश्वास ठेवत नाहीत, एकोणपन्नास वर्षांच्या माणसावर डोळे झाकून ठेवतात. धंदा असा द्यायचा की ओळखीत सहसा कोणी नसतो, पण गावात एखादा असतोच. आणि प्रत्येकाच्या तोंडी एक असं वाक्य घालायचं की ज्याचा वस्तूशी फारसा संबंध नाही. तेच वाक्य लोकांच्या लक्षात राहतं.

पहिले झाले दंतवैद्य, वय एकोणपन्नास. 'रुग्णाला भूल चढेपर्यंत सगळे मथळे वाचून होतात. त्याचा जबडा आणि माझं डोकं एकाच वेळी बधिर होतं.'

दुसऱ्या, फोटोंच्या चौकटी करणाऱ्या बाई, वय सदतीस. 'कामावर खूण केली की जिवाला बरं वाटतं. कधी कधी झालेलं कामसुद्धा मी यादीत घालते, नुसती खूण करायला मिळावी म्हणून.'

तिसरे निवृत्त हवामान निरीक्षक, वय एकाहत्तर. तक्रार त्यांच्या वाट्याला आली. तात्पुरत्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि बोटं आपोआप चालली: 'रोज चार वाजून दहा मिनिटांनी घंटी वाजते आणि पडद्यावर एक रिकामी खिडकी उघडते. तिच्यात काही लिहिलेलं नसतं. पण ती बंद झाल्यावर आपण काहीतरी वाचलंय असं वाटत राहतं.'

वाक्य वाचून ते स्वतःवरच खूश झाले. हे सुचलं कुठून, याचा त्यांनी विचार केला नाही. मजकूर पावणेचारला पानावर गेला आणि तात्पुरते वेळेत घरी गेले.

गुरुवारी संपादकबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"दार लावा," त्या म्हणाल्या. "खुंटीवाल्या कंपनीतून फोन होता."

"रागावलेत?"

"खूश आहेत. ते तुमचे हवामानवाले आहेत ना, त्यांची तक्रार खरी निघाली."

"खरी?" तात्पुरते म्हणाले.

"दचकायला काय झालं? सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या एका इंजिनियरने ती रिकामी खिडकी पाहिली होती. एकदाच. त्यानंतर त्यांनी आकाशपाताळ एक केलं, पण ती पुन्हा दिसली नाही. बाहेरच्या कोणाला हे माहीतसुद्धा नव्हतं. आणि तुमच्या माणसाने वेळेसकट सांगितलं. त्यांना त्या गृहस्थांना भेटायचंय. मी म्हटलं, तिघांनाही बोलावू. उद्या चारला, इथेच."

"तिघांना कशाला? तक्रार तर एकाचीच आहे."

संपादकबाईंनी पेन खाली ठेवलं. "कारण मालकांनी मला सकाळी एकच प्रश्न विचारला. ही तिघं आहेत ना?"

गेल्या महिन्यात प्रवासाच्या पानावरच्या एका सहकाऱ्याने एका धबधब्याचे तुषार अंगावर घेतल्याचं रसभरीत वर्णन केलं होतं. धबधबा अकरा वर्षांपूर्वी आटला होता. सहकाऱ्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं गेलं, आणि तेव्हापासून मालक प्रत्येक पान हाताने चाचपून बघत.

"उद्या चारला तिघं या खुर्च्यांवर दिसली तर प्रश्न मिटला," बाई म्हणाल्या. "नाही दिसली, तर तात्पुरते, मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची तिला सवय होती, त्यामुळे तिने मध्ये एकदाही हूं की चूं केलं नाही. शेवटी म्हणाली, "दर आठवड्याला तीन? नऊ वर्षं?"

"सुट्ट्यांचे आठवडे सोडून."

"म्हणजे तेराशेच्या वर माणसं केलीस तू. आणि साबण आणायला सांगितला तर म्हणतोस, डोक्यात राहत नाही!" मग ती एकदम सरळ बसली. "थांब. ती वाफेची इस्त्री. ती शिक्षिका, 'माझ्या साड्या आता माझ्याशी भांडत नाहीत' म्हणणारी. तिचं वाचून मी ती इस्त्री घेतली."

तात्पुरत्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तीही?"

"तीही."

"अरे, दुसऱ्याच आठवड्यात तिच्यातून पाणी गळायला लागलं!"

"मी तक्रार दिली होती ना त्यात," तात्पुरते पडलेल्या आवाजात म्हणाले. "तिसऱ्या माणसाच्या तोंडी."

बायकोने कपाळावर हात मारला आणि फोन उचलला. तिच्या धाकट्या भावाचं नळ आणि तोट्यांचं दुकान होतं. कोणत्याही भानगडीला तो नाही म्हणत नसे.

"दंतवैद्य? झकास!" मेहुण्याचा आवाज फोनबाहेर खोलीभर आला. "दुकानातला पांढरा कोट आहे माझ्याकडे. भावोजी, तुम्ही अजिबात काळजी करू नका. कोणाला आ करायला सांगू का?"

"कोणाला काही सांगू नकोस. एकोणपन्नास वर्षांचा आहेस एवढं लक्षात ठेव."

"मी तेहतीसचा आहे, भावोजी."

"ते मी बघतो."

बाकीच्या दोघांचं जुळलं नाही. बायकोच्या दुकानातली बाई 'खोटं बोलायचं तर घरी काय कमी आहे' म्हणून फणकारली. वरच्या मजल्यावरचे आजोबा तयार झाले, पण ते कुठल्याही प्रश्नाला आपल्या पाठदुखीपासून उत्तर द्यायचे. शेवटी असं ठरलं, की एक दंतवैद्य दाखवायचा आणि दोघं आजारी पडली म्हणायचं.

शुक्रवारी तीन चाळीसला स्वागतकक्षातून फोन आला.

"तुमच्याकडे तिघं आलीत. एक डॉक्टर आहेत, एक बाई आणि एक वयस्कर गृहस्थ."

मेहुण्याने बाकीची दोघंही जमवलेली दिसतात, असं वाटून तात्पुरत्यांचा जीव भांड्यात पडला. ते जिन्याने धावतच खाली गेले. तिघं बाकावर नीट अंतर ठेवून बसली होती. डॉक्टर म्हणजे मेहुणा नव्हता; कोणी गोरे, टक्कल पडलेले गृहस्थ होते आणि त्यांच्या अंगाला दवाखान्याचा वास येत होता. बाईंच्या बाह्यांना लाकडाचा भुसा चिकटला होता आणि अंगठ्याला पट्टी होती. वयस्कर गृहस्थ खिडकीतून ढगांकडे पाहत होते, काखेत एक लांबट वही आणि लॅपटॉपची पिशवी. मेहुण्याने माणसं मात्र नामी शोधली, असं तात्पुरत्यांच्या मनात आलं.

ते त्यांना कोपऱ्यात घेऊन गेले. "छान केलंत. आता पाठ केलंय ना सगळं?"

"काय पाठ?" डॉक्टर म्हणाले.

"तुमचं ते. वय विचारलं तर एकोणपन्नास सांगा."

"मग दुसरं काय सांगणार? आहेच माझं एकोणपन्नास. पुढच्या महिन्यात पन्नास लागतंय."

तात्पुरते हसले. मग हसू थांबलं. "आणि तुम्ही… सदतीस?"

"बाईमाणसाला वय असं चारचौघांत विचारतात का?" चौकटवाल्या बाई म्हणाल्या. "सदतीस. पण ही काय पद्धत झाली?"

"एकाहत्तर वर्षं, चार महिने," वयस्कर गृहस्थ कोणी न विचारता म्हणाले.

"तुम्हाला मेहुण्याने पाठवलं ना?" तात्पुरत्यांनी विचारलं.

"कोणाचा मेहुणा?" डॉक्टरांनी त्यांना निरखून पाहिलं. "आम्हाला तुमच्या त्या वार्ताहराने काल फोन केला. मत विचारायला आले होते ते. तुम्ही कोण?"

"मीच तो. तुमचं मत मीच लिहिलं."

"नाही हो," डॉक्टर समजुतीच्या स्वरात म्हणाले. जबडा बधिर झालेल्या माणसाशी बोलावं तसे. "तुम्ही नव्हता. ते वेगळे होते."

बाईंनी मान हलवली. हवामानवाल्यांनीही मान हलवली. तात्पुरत्यांनी जिन्याचा कठडा धरला.

बैठकीच्या खोलीत संपादकबाई होत्या आणि कंपनीचा एक हसतमुख प्रतिनिधी होता. तिघांना पाहून बाईंचा चेहरा खुलला. सगळे बसतात न बसतात तोच दार उघडलं आणि पांढरा कोट घातलेला मेहुणा आत आला. कोटाच्या खिशावर ठळक निळ्या रंगात नळ छापलेला होता.

"नमस्कार मंडळी," तो म्हणाला. "मी दंतवैद्य. एकोणपन्नास."

खऱ्या दंतवैद्यांनी हळूच खुर्ची वळवली. "अरे वा. दवाखाना कुठे आपला?"

मेहुण्याने तात्पुरत्यांकडे पाहिलं. तात्पुरत्यांनी भिंतीकडे.

"हे… हे यांचे रुग्ण आहेत," तात्पुरते कसेबसे म्हणाले. "फार दुखतंय त्यांना. काहीतरी बरळतात."

"मग तसं सांगायचं," दंतवैद्य म्हणाले आणि त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली. "आ करा." मेहुण्याने आ केला. "अहो, डावीकडची खालची दाढ पार गेलीय की! झोप कशी लागते तुम्हाला?"

"नाही लागत," मेहुणा उघड्या तोंडाने म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "भावोजी, दोन आठवडे झाले. ताईला बोललो नाही, ओरडली असती."

कंपनीचा प्रतिनिधी हसला, संपादकबाई हसल्या, आणि तेवढ्यात हवामानवाल्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहून लॅपटॉप उघडला. "चार वाजून नऊ," ते म्हणाले. "इकडे या."

सगळे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पडद्यावर डावीकडे बातम्या सरकत होत्या, उजवीकडे यादी होती: चष्मा, वीजबिल, बहिणीला पत्र. तात्पुरते खुंटी पहिल्यांदाच पाहत होते. ती हुबेहूब त्यांनी लिहिली होती तशीच होती.

घंटी वाजली. आवाज बारीक होता, दूरच्या खोलीत कोणी चमचा खाली ठेवावा तसा. बातम्यांच्या वर एक पांढरी खिडकी उघडली. तिच्यात काहीच नव्हतं. मोजून पाच सेकंद ती तशीच राहिली आणि आपोआप मिटली.

चौकटवाल्या बाईंनी बाहीने डोळे पुसले. बाहीचा भुसा गालाला लागला.

"बरं झालं कळलं," त्या पुटपुटल्या.

"काय कळलं?" प्रतिनिधीने विचारलं.

"काय?" बाई गोंधळल्या. "काही नाही. मी काही म्हणाले का?"

दंतवैद्य तळहाताकडे बघत होते. संपादकबाईंनी चष्मा काढला होता, पण पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. मेहुणा दाराकडे सरकला. "भावोजी, मी निघतो. ताईला फोन करायचाय. असाच." आणि गालाला हात लावून त्याने काढता पाय घेतला. तात्पुरत्यांना वाटलं, आपल्याला कोणीतरी आपलंच एक वाक्य नीट सुधारून वाचून दाखवलंय. वाक्य मात्र आठवेना.

"रोज असंच होतं," हवामानवाले सहजपणे म्हणाले. "सवय होते."

प्रतिनिधीने वही मिटली. त्याचं हसू आता चेहऱ्यावर एका बाजूलाच उरलं होतं. कंपनी लवकरच दखल घेईल असं म्हणून तो निघाला. जिना उतरताना त्याची पावलं फार भराभर वाजली.

संपादकबाई लगेच भानावर आल्या. त्यांना पानं लावायची होती. "तिघांचे आभार. एकच विचारते. मत घ्यायला कोण आलं होतं तुमच्याकडे? हे म्हणतात, हे स्वतः गेले होते."

"हे नव्हे," दंतवैद्य म्हणाले. "उंची यांच्याइतकीच. फार बोलत नाहीत ते. ऐकतात. मी दवाखान्याबद्दल जे बोललो, ते जसंच्या तसं छापलंत तुम्ही."

"मी त्यांना वय विचारलं," चौकटवाल्या बाई म्हणाल्या. "म्हटलं, माझं विचारलंत तर तुमचंही सांगा. त्रेचाळीस म्हणाले. पटकन. ठरवून ठेवल्यासारखं."

"किती वाजता आले होते?"

"मंगळवारी, तीनच्या सुमारास," दंतवैद्य म्हणाले.

"माझ्याकडे तीन-सव्वातीनला," बाई म्हणाल्या.

हवामानवाल्यांनी लांबट वही उघडली. चाळीस वर्षं ढगांच्या नोंदी केलेला माणूस. पाहुण्यांच्याही करत होता. "आगमन तीन बावीस. निर्गमन तीन तीस. वारा नाही. पाहुण्याने पाणी घेतलं नाही."

तीन बावीसला तात्पुरते आपल्या टेबलाशी बसून छताकडे बघत होते. ते त्यांना अगदी स्पष्ट आठवत होतं.

"गावाच्या तीन टोकांना, अर्ध्या तासात तीन मुलाखती!" संपादकबाई म्हणाल्या, आणि तात्पुरत्यांना त्यांच्या आवाजात नऊ वर्षांत न ऐकलेला आदर ऐकू आला. तो त्यांच्यासाठी नव्हता. "तात्पुरते, तुम्ही दुसऱ्याकडून काम करून घेता आणि मला बोललाही नाहीत. हरकत नाही. मंगळवारी त्याला माझ्यापुढे उभा करा. खुंटीवर पुन्हा एकदा, तीन नवी माणसं. स्तंभ यापुढे त्याच्याकडे."

"आणि मी?"

"ते त्याला भेटल्यावर बघू."

शनिवार-रविवार तात्पुरते घरात येरझाऱ्या घालत राहिले. बायको म्हणाली, "तेराशे केलीस, आणखी एक कर. त्रेचाळीसचा, तुझ्याच उंचीचा, अबोल. त्यात काय?"

तात्पुरत्यांनी कागद पुढे ओढला. दोन तास बसले. पण वाक्य लिहायला जावं तर ते आधीच कुठेतरी लिहून झालंय असं वाटून हात थांबे. शेवटी त्यांनी कागदाची घडी केली आणि जाहीर केलं, "मंगळवारी मी स्वतः जातो. खरीखुरी माणसं शोधतो, खरी मतं आणतो. त्या दुसऱ्याची गरजच पडणार नाही."

बायकोने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तू? बाहेर? लोकांशी बोलणार?"

"त्यात काय एवढं?"

"काही नाही. छत्री घेऊन जा."

मंगळवारी दुपारी तात्पुरते नवी वही घेऊन निघाले. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर संगणक होता आणि पडद्यावर खुंटी दिसत होती. त्यांना आनंद झाला.

"नमस्कार. मी दैनिकातून आलोय. हे सॉफ्टवेअर तुम्ही वापरता, त्याबद्दल तुमचं मत—"

"पुन्हा?" चष्मेवाले म्हणाले. "आत्ताच तर तुमचे ते विचारून गेले. पाच मिनिटंही झाली नाहीत. बसा ना. खुर्ची अजून गरम आहे बघा."

तात्पुरते बसले नाहीत.

शिंप्याच्या दुकानात मालकीणबाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "किती वेळा सांगायचं? ते पेपरवाले सगळं लिहून घेऊन गेले. माणूस फार सज्जन. दोराही ओवून दिला मला."

वाचनालयात ग्रंथपालांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "मागच्या दाराने गेले. धावलात तर सापडतील."

तात्पुरते धावले. मागच्या गल्लीत कोणी नव्हतं. एका घराचं फाटक मात्र अजून हलत होतं, आणि वारा नव्हता. त्यांच्या पाचावर धारण बसली. तरी त्यांनी आणखी चार ठिकाणी विचारलं: सायकलवाला, नोटरी, पशुवैद्य, लग्नपत्रिका छापणारे. सगळीकडे तेच. कोणी म्हणालं आत्ताच, कोणी म्हणालं हे काय, तुमच्या पुढेच. सगळ्यांना तो आवडला होता.

पावणेपाचला ते कोरी वही घेऊन ऑफिसात परतले. पान पाचला जायचं होतं. टेबलावर टंकलेले दोन कागद नीट ठेवलेले होते, वर त्यांचाच पेपरवेट.

त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. चष्मेवाले, वय अठ्ठावन्न. शिंप्याच्या दुकानातल्या बाई, वय त्रेसष्ट. ग्रंथपाल, वय एक्केचाळीस. प्रत्येकाचं बोलणं असं उतरलं होतं, की त्या त्या दुकानाचा वास यावा. नऊ वर्षांत तात्पुरत्यांना असं एकदाही जमलं नव्हतं. मग त्यांनी पान उलटलं. खाली सात ओळी जास्तीच्या होत्या. चौथं मत.

'एक स्तंभलेखक, याच दैनिकातले: खुंटी मी कधीच वापरली नाही. वापरणाऱ्यांची मतं मी मंगळवारी तीन ते चार या वेळात बनवतो. सुरुवातीला पकडलं जाण्याची भीती वाटे. नंतर तीही वाटेनाशी झाली. लोकांशी बोलायला मला जड जातं, हे मी घरीसुद्धा कधी सांगितलेलं नाही. आता मी बाहेर पडलो आहे, पण उशीर झाला असावा. सगळ्यांचं मत घेऊन झालं आहे. माझंच राहिलं होतं.'

हे पानावर गेलं तर उद्या सकाळी मालक वाचतील, आणि धबधबा परवडला असं म्हणतील. तात्पुरत्यांनी कागद फाडायला धरला, तोच संपादकबाई मागून आल्या आणि त्यांनी तो हातातून काढून घेतला.

"आला का मजकूर? तो कुठेय?"

"येऊन गेला," तात्पुरते म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

बाई टेबलाला टेकून वाचू लागल्या. पहिल्या मतावर हसल्या, दुसऱ्यावर 'वा' म्हणाल्या, तिसरं पुन्हा वाचलं. मग चौथ्यावर आल्या. तात्पुरत्यांनी त्यांची नजर सात ओळींवरून खाली उतरताना पाहिली आणि ठरवलं, की आता आपणच बोलायचं.

"मॅडम, तो चौथा माणूस—"

"खोटा आहे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तीस वर्षं काढली या धंद्यात. बनवलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. पहिली तिघं बघा, श्वास घेतात. हा मात्र कोणीतरी टेबलाशी बसून केलाय. असा कोणी असतो का? वर्षानुवर्षं लोकांची मतं लिहितो आणि एकाशीही बोलत नाही?" त्यांनी कागद परत दिला. "काढून टाका."

तात्पुरत्यांनी कागद घेतला. सुटलो, असं त्यांना वाटायला हवं होतं. "मॅडम," ते म्हणाले, "पण तो माणूस खरा आहे."

"भेटलात तुम्ही त्याला?"

तात्पुरत्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"नीटसा नाही," ते म्हणाले.

"मग? त्याला म्हणावं, बाकी काम पहिल्या दर्जाचं आहे, फक्त माणसं घालताना अशी पदरची घालू नकोस. आणि तुम्ही काळजी करू नका. त्याने आणायचं आणि तुम्ही त्यातलं खोटं ते काढायचं. याला मुरलेलाच माणूस लागतो." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "सात मिनिटं आहेत."

तात्पुरते बसले. लाल पेन घेऊन त्यांनी चौथ्या मताच्या एकेका ओळीवर सरळ रेघ मारली, समासात नियमाप्रमाणे सही केली आणि मजकूर पाठवून दिला. पान वेळेत गेलं. मग त्यांनी घरी फोन लावला.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "राहिली का नोकरी?"

"राहिली."

"हुश्श! मग आवाज असा का? काय झालं, सांग ना."

"मला काढलं."

"अरे, नोकरी राहिली की तुला काढलं? काय ते एक सांग."

"दोन्ही झालं," तात्पुरते म्हणाले.